राउटरलाही दार असते



या सदराकडे येणाऱ्या पत्रांत हल्ली एक प्रश्न वारंवार असतो. कधी नवापूरहून, कधी शहाद्याहून, कधी तळोद्याहून. राउटरच्या सेटिंगचे पान उघडले की वर सूचना दिसते, ‘नवे फर्मवेअर उपलब्ध आहे’. ते करून टाकावे का? की चालले आहे ते चालू द्यावे? एका भगिनीने लिहिले आहे की घरातले सगळे म्हणतात, हात लावू नकोस, उद्या मुलाची परीक्षा आहे, नेट गेले तर काय करशील? त्यांची भीती खोटी नाही. पण हात न लावणे हेही काही फार सुरक्षित नाही. म्हणून या महिन्यात फक्त याच विषयावर लिहितो आहोत.

फर्मवेअर म्हणजे काय ते आधी. कपाटावर किंवा फ्रिजवर ठेवलेला, दोन-चार अँटेना उभारलेला तो डबा म्हणजे खरे तर एक छोटा संगणक आहे. त्यात प्रोसेसर आहे, थोडी मेमरी आहे आणि काय करायचे ते सांगणारी आज्ञावली कारखान्यातच भरलेली आहे. या भरलेल्या आज्ञावलीला फर्मवेअर म्हणतात. बहुतेक राउटरांत ती लिनक्सवर उभी असते. माणसाने लिहिलेली आज्ञावली म्हटल्यावर तीत चुका राहतातच, आणि त्या दोन वर्षांनी, चार वर्षांनी कोणाच्या तरी लक्षात येतात. मग कंपनी दुरुस्त केलेली आवृत्ती काढते. मोबाईल रात्री चार्जिंगला लावला की स्वतःच अपडेट होतो आणि सकाळी तसे सांगतोही. राउटर बहुधा काही बोलत नाही. लावला त्या दिवसाच्या चुका घेऊन तो पाच-पाच वर्षे बसून राहतो, आणि दिवा हिरवा आहे म्हणून आपण समजतो की सगळे ठीक आहे.

आपल्या जिल्ह्याला या बाबतीत एक मान आहे. 29 सप्टेंबर 2010 रोजी देशातले पहिले आधार कार्ड शहादा तालुक्यातल्या टेंभली गावात दिले गेले. त्यानंतर रेशन, शिष्यवृत्ती, बँक, गॅस, हजचा अर्ज, एकेक करून सगळे मोबाईलवर आणि इंटरनेटवर आले. सौदीत नोकरीला असलेल्या भाईजानशी व्हिडिओवर बोलणे, मुलीचा नीटचा क्लास, दुकानाचे यूपीआय, हे सगळे आज त्या डब्यातून जाते. धडगाव-अक्कलकुव्याच्या डोंगरातल्या कित्येक पाड्यांवर रेंजसाठी अजून टेकडी चढावी लागते, ही गोष्ट वेगळी, आणि तिच्यावर कधीतरी स्वतंत्र लिहावे लागेल. पण नंदुरबार, नवापूर, शहाद्यासारख्या गावांतल्या मोहल्ल्यांत फायबरची तार शिरली आहे आणि एका राउटरवर आठ-दहा मोबाईल चालतात, हे आपण रोज पाहतो.

आता एक जुनी गोष्ट. आपल्या घरांनी ती विसरू नये असे आम्हाला वाटते. 26 जुलै 2008 रोजी अहमदाबादेत साखळी स्फोट झाले आणि पन्नासहून अधिक निरपराध माणसे मारली गेली. स्फोटांच्या काही मिनिटे आधी वृत्तसंस्थांना एक ईमेल आला होता. त्याचा माग काढत तपास पथक पोहोचले नवी मुंबईत, सानपाड्याच्या एका फ्लॅटवर. तिथे एक अमेरिकन गृहस्थ राहत होते. झाले होते इतकेच की त्यांचे वाय-फाय उघडे होते आणि कोणीतरी ते वापरून ईमेल पाठवून दिला होता. पण इंटरनेट कंपनीच्या नोंदीत पत्ता त्यांचा, म्हणून दार त्यांचे वाजले, संगणक त्यांचे गेले आणि चौकशी त्यांची झाली. पुढच्या दोन महिन्यांत तसेच ईमेल मुंबईत माटुंग्याच्या एका कॉलेजच्या आणि चेंबूरच्या एका कंपनीच्या वाय-फायवरून गेले. जानेवारी 2009 मध्ये मुंबई पोलीस लॅपटॉप घेऊन रस्तोरस्ती फिरू लागले, कोणाचे वाय-फाय उघडे आहे ते शोधायला.

ते गृहस्थ परदेशी होते, काही दिवसांनी मायदेशी निघून गेले. असे दार आपल्या मोहल्ल्यात वाजले तर? अब्बा दुकानावर, अम्मीला आयपी ॲड्रेस म्हणजे काय हे माहीत नाही, आणि शेजारीपाजारी खिडकीतून बघताहेत. निर्दोष असणे आणि निर्दोष ठरणे यांत किती वर्षांचे अंतर पडू शकते हे आपल्या समाजातल्या घरांना आम्ही सांगायला नको. कनेक्शन ज्याच्या नावावर, पहिला प्रश्न त्याला. म्हणून हा विषय नुसता नेटच्या वेगाचा नाही, घराच्या नावाचा आहे.

कोणी म्हणेल, आमच्या वाय-फायला पासवर्ड आहे, आम्हाला काय त्याचे? पासवर्ड असणे चांगलेच. पण तो समोरच्या दाराचे कुलूप झाला. फर्मवेअरमधली जुनी चूक म्हणजे मागच्या भिंतीला पडलेले भगदाड. तिथून येणाऱ्याला कुलूप उघडावेच लागत नाही. एक उदाहरण घ्या. राउटरवर ‘डब्ल्यूपीएस’ नावाचे बटण असते, पासवर्ड न टाकता मोबाईल जोडण्यासाठी. त्यातला आठ आकडी पिन काही तासांत ओळखता येतो हे 2011 च्या अखेरीस उघड झाले. ज्यांचा पासवर्ड पंधरा अक्षरांचा होता त्यांचेही वाय-फाय त्या पिनमुळे उघडत होते. ऑक्टोबर 2017 मध्ये बेल्जियमच्या एका संशोधकाने दाखवून दिले की वाय-फायच्या कुलपाच्या रीतीतच, म्हणजे डब्ल्यूपीए-2 मध्ये, खोट आहे. दोन्ही वेळा कंपन्यांनी दुरुस्त फर्मवेअर काढले. ज्यांनी ते घातले त्यांचे भगदाड बुजले.

सूरह नूरमध्ये दुसऱ्याच्या घरात परवानगीवाचून आणि सलाम केल्यावाचून जायला मनाई आहे, हे आपण मुलांना लहानपणी शिकवतो. घराच्या आतले जपणे हा आपल्याकडे केवळ रिवाज नाही. घरातल्या बायका-मुलींचे फोटो, नातेवाइकांशी होणारे बोलणे, दवाखान्याचे कागद हे आता भिंतींच्या आत राहत नाही, तारेतून जाते. मग त्या तारेच्या दारात कोण उभे आहे याची विचारपूस करणेही त्याच शिकवणीत येते, असे आम्ही मानतो. आणि अल्लाहवर भरवसा ठेवा पण उंट आधी बांधा, ही हदीस तर आपल्या घरांत सगळ्यांना पाठ आहे. राउटरच्या बाबतीत मात्र उंट मोकळाच दिसतो.

दुसरी घटना घरोघरच्या मोडेमची आहे. जुलै 2017 च्या अखेरीस बीएसएनएल आणि एमटीएनएलच्या ग्राहकांचे साठ हजारांच्या आसपास मोडेम एकाएकी बंद पडले. लोकांना वाटले लाइन बिघडली. प्रत्यक्षात ‘ब्रिकरबॉट’ नावाचा घातक प्रोग्राम त्यांत शिरला होता. कसा शिरला? मोडेमच्या सेटिंगचे नावही ‘ॲडमिन’ आणि पासवर्डही ‘ॲडमिन’, कारखान्यातून आला तसाच. बाहेरून त्यात डोकावण्याची वाटही उघडी. बीएसएनएलने तेव्हा ग्राहकांना पासवर्ड बदलण्याचे आवाहन केले होते. तो प्रोग्राम बनवणाऱ्याचा दावा मोठा विचित्र होता. म्हणे हे मोडेम इतके कच्चे आहेत की उद्या दुसरा कोणी त्यांना हाताशी धरून जगावर हल्ले करील, त्यापेक्षा मीच ते मोडून टाकतो. शेजाऱ्याचे दार नीट लागत नाही म्हणून त्याचे घरच पाडण्यासारखे हे झाले. पण त्याने सांगितलेला धोका कल्पनेतला नव्हता. आदल्याच वर्षी, 2016 मध्ये, ‘मिराई’ नावाच्या प्रोग्रामने कारखान्यातल्या साठेक ठरावीक पासवर्डांची यादी घेऊन जगभरचे कॅमेरे आणि राउटर ताब्यात घेतले होते. 21 ऑक्टोबर 2016 ला त्यांच्या जोरावर अमेरिकेतल्या मोठमोठ्या वेबसाइट काही तास बंद पाडल्या गेल्या. त्या कॅमेऱ्यांच्या मालकांना पत्ताही नव्हता.

नवापूरकरांना हे समजायला सोपे जावे. फेब्रुवारी 2006 मध्ये तिथल्या पोल्ट्रीत बर्ड फ्लू निघाला, देशात पहिल्यांदा, आणि लाखो कोंबड्या माराव्या लागल्या. एका शेडमधला आजार एका शेडपुरता राहत नाही, ज्यांच्या कोंबड्या धडधाकट होत्या त्यांचाही धंदा बसला. आजारी राउटरचे तसेच असते. तो स्वतः व्यवस्थित चालतो, आपले नेट सुरू असते, आणि पाठीमागे तो दुसऱ्यांचे दार ठोठावत असतो. हमसायाचा हक्क म्हणून जे आपण शिकलो त्यात आपल्या घरातून त्याला त्रास न जाणे हेही येते.

आता कामाचे बोलू.

सर्वांत आधी डबा कोणाचा हे बघा. काचेची बारीक तार, म्हणजे फायबर, ज्या डब्यात थेट शिरते तो बहुधा कंपनीने दिलेला असतो. त्याला ओएनटी म्हणतात. त्याचे फर्मवेअर कंपनी आपल्या बाजूने, तारेतूनच पाठवते. त्यासाठी इंटरनेटवरून फाईल शोधून स्वतः घालू नये. एकसारखे दिसणारे दोन डबे दोन कंपन्यांसाठी आतून वेगळे असतात, चुकीची फाईल गेली तर फायबरची ओळखच पुसली जाते आणि मग नवा डबा आणण्यावाचून इलाज नाही. या डब्यासाठी आपले काम इतकेच की नेटवाल्याला फोन करून विचारावे, यात कोणती आवृत्ती आहे आणि शेवटचे अपडेट कधी झाले? उत्तर टाळले तर पुन्हा विचारावे. आपण दरमहा पैसे भरतो. बाजारातून विकत आणून त्यापुढे लावलेला दुसरा डबा आपला, त्याची जबाबदारीही आपली. पुढचे सगळे त्याच्याबद्दल.

डबा उलटा करा. खाली चिकटवलेल्या कागदावर मॉडेलचे नाव असते आणि त्याच्या शेजारी बारीक अक्षरांत ‘व्हर्जन’, म्हणजे हार्डवेअरची आवृत्ती. बहुतेकांची गडबड इथेच होते. एकाच नावाच्या राउटरची दुसरी आवृत्ती आणि चौथी आवृत्ती यांच्या आतले सामान पूर्ण निराळे असू शकते, आणि एकीची फाईल दुसरीला चालत नाही. काही मॉडेलांत भारतासाठीची फाईल वेगळी असते. त्या कागदाचा मोबाईलवर फोटो काढून ठेवा, पुन्हा पुन्हा डबा खाली काढावा लागणार नाही.

मग मोबाईल किंवा लॅपटॉप घरच्या वाय-फायला जोडून ब्राउझरमध्ये 192.168.0.1 किंवा 192.168.1.1 हा पत्ता टाका. कोणता तो त्याच कागदावर असतो. हा पत्ता घराबाहेर जात नाही, थेट राउटरशीच बोलतो. सेटिंगचे पान उघडले की ‘सिस्टीम टूल्स’ किंवा ‘मॅनेजमेंट’ या भागात फर्मवेअरची आजची आवृत्ती आणि बहुधा तारीखही दिसते. ही तारीख पाहून बरेच जण दचकतात. नव्या मॉडेलांना मोबाईल ॲप असते, त्यात ‘अपडेट’ असे एकच बटण असते आणि फाईल शोधण्याची कटकट नसते. ज्यांच्याकडे अशी सोय आहे त्यांनी तिचाच वापर करावा, आणि आपोआप अपडेट होण्याचा पर्याय असेल तर तो चालू करून मोकळे व्हावे.

जुन्या मॉडेलांत फाईल स्वतः आणावी लागते. ती फक्त राउटर बनवणाऱ्या कंपनीच्या वेबसाइटवरून घ्यावी. यूट्यूबच्या व्हिडिओखाली दिलेल्या लिंकवरून नाही, टेलिग्रामच्या ग्रुपवरून तर नाहीच. घरात कोणाला पाजायचे औषध आपण ओळखीच्या दुकानातूनच आणतो ना? फाईल बहुधा झिप स्वरूपात येते. ती उघडल्यावर आत दोन-तीन वस्तू असतात, त्यांपैकी ‘बिन’ शेवट असलेली फाईल राउटरला द्यायची असते. झिप तशीच दिली तर राउटर ती नाकारतो आणि लोकांना वाटते राउटर बिघडला. सोबत कंपनीची टिपण असते, ती इंग्रजीत असली तरी घरातल्या शिकत्या मुलाकडून वाचून घ्यावी. कधी कधी तीत लिहिलेले असते की अमुक आवृत्ती आधी घाला, मग ही. कधी असेही लिहिलेले असते की या अपडेटनंतर सगळ्या सेटिंग पुसल्या जातील.

म्हणून सेटिंग आधी उतरवून घ्यायच्या. नेट कोणत्या पद्धतीने जोडले आहे, पीपीपीओई असेल तर त्याचे युजरनेम आणि पासवर्ड, ‘व्हीलॅन’चा आकडा असेल तर तो. आपल्याकडे ही माहिती घरात नसतेच, नेट जोडायला आलेला मुलगा ती टाकून जातो. अपडेटच्या आदल्या दिवशी ती मागून घ्यावी आणि लाइट बिल, रेशनकार्ड ठेवतो त्या पिशवीत लिहून ठेवावी. हे एवढे केले की ‘नेट गेले तर काय’ ही भीती बरीचशी संपते, कारण सेटिंग पुसल्या तरी दहा मिनिटांत पुन्हा भरता येतात.

खरी भीती एकच, फाईल लिहिली जात असताना लाइट जाणे. त्या तीन-चार मिनिटांत राउटर जुनी आज्ञावली पुसून नवी लिहीत असतो. मध्येच वीज गेली की ना जुनी राहते ना नवी. मग दिवे लागतात पण डबा काही करत नाही. इंग्रजीत अशा राउटरला वीट म्हणतात, आणि ब्रिकरबॉटचे नावही त्यावरूनच आले. आपल्याकडे उन्हाळ्यात भार वाढला की लाइट केव्हा जाईल सांगता येत नाही, पावसाळ्यात तर दोन थेंब पुरतात. ज्यांच्याकडे इन्व्हर्टर आहे त्यांनी राउटर त्यावर घ्यावा. राउटरसाठी हजारेक रुपयांच्या आसपास छोटा यूपीएसही मिळतो, आणि तो एरवीही कामाला येतो. काहीच नसेल तर फज्रनंतरची वेळ बरी, भार कमी असतो आणि घरात कोणी ऑनलाइनही नसते. शक्य असल्यास लॅपटॉप लॅनच्या तारेने राउटरला जोडून मगच फाईल द्यावी, कारण वाय-फाय मध्येच तुटू शकते. दिवे लुकलुकू लागले, सगळे बंद झाले, पुन्हा लागले, तरी बटण दाबायचे नाही. बायकोने चहा टाकला तर तो पिऊन होईपर्यंत काम झालेले असते. आणि बायकोच अपडेट करत असेल, जे आम्ही बऱ्याच घरांत पाहिले आहे, तर चहा दुसऱ्या कोणी टाकावा. वीट झालीच तर बऱ्याच मॉडेलांत सावरण्याची एक वाट असते, बटण दाबून धरत चालू करायची, पण ती मॉडेलगणिक वेगळी आहे. ते काम माहीतगाराकडे द्यावे.

अपडेट झाल्यावर सेटिंगचे पान पुन्हा उघडून आवृत्ती बदलली का ते पाहावे, आणि बसल्या बैठकीला आणखी चार गोष्टी उरकाव्यात. सेटिंगच्या पानाचा पासवर्ड बदलणे. डब्ल्यूपीएस बंद करणे. ‘रिमोट मॅनेजमेंट’, म्हणजे घराबाहेरून राउटर उघडण्याची सोय, चालू असेल तर बंद करणे. आणि डीएनएसचे आकडे बघणे. डीएनएस म्हणजे बँकेचे नाव टाकले की तिचा खरा पत्ता सांगणारा. तिथे कोणी आपला माणूस बसवला तर आपण बँकेचे नाव अचूक टाकतो आणि पोहोचतो ठकाच्या दारात, आणि पान हुबेहूब बँकेचे दिसते. ब्राझीलमध्ये काही वर्षांपूर्वी पंचेचाळीस लाखांवर मोडेममध्ये असेच आकडे बदलले गेले होते. तिथेही रस्ता मोडेमच्या फर्मवेअरमधल्या जुन्या चुकीतूनच गेला होता. आपल्याकडे तो रकाना ‘आपोआप’ वर असेल तर ठीक. कोणीही टाकलेले नसताना अनोळखी आकडे दिसले तर नेटवाल्याला विचारावे.

वाय-फायच्या पासवर्डबद्दल एक निरीक्षण. मोहल्ल्यात नेट जोडणारी मुले पासवर्ड म्हणून घरमालकाचाच मोबाईल नंबर टाकून जातात. लक्षात राहावा म्हणून. पण तो नंबर दुकानाच्या पाटीवर असतो, लग्नाच्या पत्रिकेवर असतो, गाडीवर असतो. ही सवय आमच्या मते सगळ्यांत आधी मोडायला हवी, फर्मवेअरच्याही आधी.

यातून एक अवघड प्रश्न येतो, आणि तो पत्रांतही आला आहे. शेजारच्या घरी नेट नाही, त्यांची मुलगी बारावीला आहे, पासवर्ड मागते. द्यावा का? वर सानपाड्याची गोष्ट वाचून कोणी म्हणेल, मुळीच नाही. आम्हाला ते पटत नाही. आपल्या घरात शिजलेल्याचा वास शेजारी गेला तर वाटीभर तिकडे पाठवावे असे सांगणाऱ्यांनी इल्मच्या बाबतीत हात आखडता घेऊ नये. मार्ग आहे. बऱ्याच राउटरांत, कधी अपडेटनंतरच, ‘गेस्ट नेटवर्क’ दिसू लागते. त्याचे नाव वेगळे, पासवर्ड वेगळा, आणि तिथून जोडलेल्याला आपल्या घरातले संगणक, प्रिंटर, कॅमेरे दिसत नाहीत. हा पासवर्ड त्या मुलीला द्यावा, तिच्या अम्मीला किंवा आईला सांगून द्यावा, आणि परीक्षा झाली, पाहुणे गेले की बदलावा. मात्र बाहेरच्या जगाला दोन्ही वाय-फायचा पत्ता एकच दिसतो, हे विसरू नये. म्हणून तो माहितीतल्या माणसालाच द्यायचा, गल्लीतल्या ओट्यावर बसणाऱ्या सगळ्या पोरांना नाही.

प्रत्येक दुखण्याला फर्मवेअर हे औषध नव्हे, तेही सांगून ठेवतो. मे महिन्यात खानदेशात पारा चव्वेचाळीसपर्यंत जातो, आणि पत्र्याच्या छताखाली, फ्रिजच्या मागच्या गरम हवेत ठेवलेला राउटर दुपारी अडखळतो. त्याला नुसते उचलून हवेशीर जागी ठेवावे. ज्यांचे घर मिरचीच्या पथारीजवळ आहे त्यांनी हंगामात आतली-बाहेरची धूळही झटकावी.

आता जुने राउटर. काही वर्षांनी कंपनी त्या मॉडेलसाठी नवे फर्मवेअर काढणे थांबवते. वेबसाइटवर शेवटची फाईल पाच-सहा वर्षांपूर्वीची दिसली की समजावे, इथून पुढे भगदाड पडले तर बुजवायला कोणी येणार नाही. साधा नवा राउटर हजार ते दोन हजारांत येतो, आणि आमचा सल्ला तो घेण्याचा आहे. ज्यांना हौस आहे त्यांच्यासाठी दुसरा रस्ता आहे, आणि त्याचा इतिहास आम्हाला फार आवडतो. 2002 च्या अखेरीस लिंकसिस कंपनीने निळ्या-काळ्या रंगाचा एक राउटर काढला. त्याच्या फर्मवेअरमध्ये लिनक्स वापरले होते, आणि लिनक्सचा परवाना असा की ते वापरून केलेले दुसऱ्यांना दिले तर त्याची लिखित आज्ञावलीही द्यावी लागते. लोकांनी ती मागितली आणि 2003 मध्ये कंपनीला ती खुली करावी लागली. त्यातून 2004 मध्ये ‘ओपनडब्ल्यूआरटी’ उभे राहिले, कोणाच्या मालकीचे नसलेले, जगभरच्या स्वयंसेवकांनी चालवलेले फर्मवेअर. कंपनीने सोडून दिलेले कितीतरी राउटर आज त्यावर सुरक्षित चालतात. पण त्याला मेमरी लागते. साधारण 16 एमबी साठवण आणि 128 एमबी रॅम असेल तरच नव्या आवृत्त्या सुखाने चालतात, आणि आपल्याकडचे स्वस्त राउटर त्यात बसत नाहीत. त्यांच्या वेबसाइटवर आपले मॉडेल आणि हार्डवेअरची आवृत्ती, दोन्ही जुळत असतील तरच हात घालावा. वॉरंटी जाते. आणि घरात एकच राउटर असेल तर त्यावर हा प्रयोग करू नये. अभियांत्रिकीला किंवा आयटीआयला असलेल्या मुलाला मात्र एखादा अडगळीतला राउटर देऊन बसवा. वर्गात नेटवर्किंगच्या धड्यात जे समजत नाही ते दोन रविवारांत समजेल.

अडगळीतल्या राउटरचे आणखी एक. पुष्कळ जण तो मकतबला किंवा एखाद्या गरजू घराला देऊन टाकतात, आणि नीयत चांगली असते. पण ज्याचे फर्मवेअर बंद झाले म्हणून आपण तो काढला, तोच मुलांच्या संस्थेला देणे बरोबर वाटत नाही. आपल्याला कोणी दिली तर आपण नाक मुरडून घेऊ अशी वस्तू सदका म्हणून देऊ नये, हे आपल्याला शिकवलेले आहे. चालू स्थितीतला, अपडेट मिळणारा राउटर द्यायचा असेल तर आधी मागचे बारीक छिद्र टाचणीने दहा सेकंद दाबून तो मूळ स्थितीत आणावा. नाहीतर आपल्या कनेक्शनचे युजरनेम आणि पासवर्ड त्याच्यासोबत दुसऱ्या घरी जातात. भंगारवाल्याला देतानाही हेच करावे.

आणि फोनवरून, मेसेजवरून ‘तुमच्या राउटरचे फर्मवेअर जुने झाले, हे ॲप घ्या, आम्ही इथूनच अपडेट करून देतो’ असे कोणी सांगितले तर फोन ठेवावा. स्क्रीन दाखवणारे ॲप घ्यायला लावून खाते रिकामे करण्याचा तो धंदा आहे. पैसे गेलेच तर वेळ न घालवता 1930 या क्रमांकावर तक्रार करावी. पहिल्या एक-दोन तासांत केलेल्या तक्रारीत रक्कम अडवली जाण्याची शक्यता जास्त असते. लाजेने गप्प बसू नये, घरातल्या सुनेने किंवा मुलीने ही तक्रार केली तर तिच्यावर ओरडूही नये.

ज्यांना आपल्या राउटरबद्दल विचारायचे आहे त्यांनी मॉडेलचे नाव, हार्डवेअरची आवृत्ती आणि सध्याच्या फर्मवेअरची तारीख लिहून पाठवावी. लेबलचा फोटो पाठवणार असाल तर त्यावर छापलेल्या वाय-फाय पासवर्डवर आधी बोट ठेवा, मग फोटो काढा.